मागणी नसलेला आजार

(नवापूर, जिल्हा पालघर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



नवापूर म्हटले की महाराष्ट्रातल्या बहुतेकांना नंदुरबार जिल्ह्यातले, गुजरातच्या वेशीवरचे नवापूर आठवते. आपले नवापूर समुद्राकाठचे. तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी जेथे समुद्रात सोडले जाते ते गाव म्हणून ते वर्तमानपत्रांत येते. आजचा विषय मात्र सांडपाण्याचा नाही. त्या प्रश्नावर आपण मंडळी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने बोलू शकता. मला बोलायचे आहे ते लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालणाऱ्या एका तापाविषयी. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने वैद्यकाच्या प्रांतात का शिरावे, असा प्रश्न आपल्या मनात येईल. हा ताप मला जितका वैद्यकाचा वाटतो त्याहून अधिक अर्थशास्त्राचा वाटतो, एवढेच त्याचे उत्तर आहे. तो तसा का वाटतो हे पुढे सांगतो.

२०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये मुले अचानक दगावू लागली. सकाळी खेळणारे मूल दुपारी तापाने फणफणते, उलट्या होतात, झटके येतात, शुद्ध हरपते आणि पुष्कळदा एक-दोन दिवसांच्या आत सारे संपते. साबरकांठा जिल्ह्यातल्या हिंमतनगरच्या रुग्णालयातील डॉक्टरांना संशय आला आणि नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, जूनच्या आरंभापासून १५ ऑगस्टपर्यंत मेंदूज्वरसदृश लक्षणांचे २४५ रुग्ण आढळले, त्यांतील ८२ मरण पावले, आणि ६४ जणांत ‘चांदीपुरा’ विषाणू निश्चितपणे सापडला. गेल्या वीस वर्षांतील ही सर्वांत मोठी साथ, असे संघटनेने नमूद केले.

चांदीपुरा हे आपल्याच राज्यातल्या, नागपूरकडच्या एका गावाचे नाव. १९६५ साली त्या भागात तापाची साथ आली होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या रक्तात एक नवाच विषाणू शोधून काढला. भट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्याला गावाचे नाव दिले. हे केंद्र १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून उभारलेले; १९७८ पासून त्यालाच आपण राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतो. गावाला या शोधातून काय मिळाले, तर जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत एका रोगाच्या रूपाने अमरत्व. असले अमरत्व कोणते गाव मागून घेईल?

हा विषाणू रेबीजच्या कुळातला. तो पसरविते ती सँडफ्लाय नावाची, डासापेक्षाही लहान, राखाडी रंगाची माशी. तिला फार लांब उडता येत नाही. ती उड्या मारीत जाते. भिंतींच्या भेगा, गोठ्याचे अंधारे कोपरे, ओलसर आणि शेणामातीने कसदार झालेली जमीन या तिच्या जागा. ती चावते तिन्हीसांजेला आणि रात्री. मोठ्या माणसांना बहुधा साधा ताप येऊन जातो. पंधरा वर्षांखालील मुलांत मात्र विषाणू मेंदूपर्यंत पोहोचतो. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना हा आजार झाला आणि १८३ मुले गेली, म्हणजे निम्म्याहून अधिक. त्याच सुमारास विदर्भातही त्याने बळी घेतले. पुढल्या वर्षी गुजरातेत. २००७ मध्ये पुन्हा नागपूर विभागात. मेंदूत नेमके काय होते यावर आंध्रच्या साथीनंतर तज्ज्ञांत वाद झाला. ही मेंदूची सूज नव्हे, तर रक्तवाहिनीवर आघात होऊन पक्षाघातासारखा झटका येतो, असे वेल्लोरचे विषाणुशास्त्रज्ञ टी. जेकब जॉन यांचे म्हणणे होते. त्या वादात मी पडत नाही. दोन्ही पक्षांना मान्य असलेली गोष्ट अशी की या विषाणूवर खात्रीचे औषध नाही आणि लसही बाजारात आलेली नाही.

१९६५ पासून आज साठ वर्षे उलटून गेली. एवढ्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला, देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला, भारतातून पोलिओ गेला. आपल्याच राज्यातल्या संस्थेत, आपल्याच पैशातून पगार घेणाऱ्या शास्त्रज्ञांनी ओळखून ठेवलेल्या या विषाणूवर मात्र इलाज नाही. असे का व्हावे?

येथे मला माझ्या वर्गातला पहिला पाठ आपल्यापुढे ठेवावा लागेल. अर्थशास्त्रात ‘मागणी’ या शब्दाचा अर्थ नुसती गरज असा होत नाही. भुकेल्या माणसाला भाकरीची गरज असते. पण खिशात पैसा नसेल तर बाजाराच्या दृष्टीने त्याची भाकरीला मागणी नसते. इच्छेला क्रयशक्तीची जोड मिळाली म्हणजेच मागणी परिणामकारक होते. विद्यार्थी ही व्याख्या परीक्षेपुरती पाठ करतात आणि विसरतात. मला ती कधी विसरता आली नाही, कारण या एका व्याख्येत भांडवली बाजाराचा सारा निर्दयपणा साठविलेला आहे. मातीच्या घरात राहणाऱ्या आदिवासी शेतमजुराच्या मुलाला होणारा, काही वर्षांच्या अंतराने, ठरावीक जिल्ह्यांत, पावसाळ्याचे दोन-तीन महिने येणारा आजार: या आजारावरच्या औषधाची गरज आहे, मागणी नाही.

ही केवळ तर्काची गोष्ट नव्हे. १९७५ ते १९९९ या पंचवीस वर्षांत जगात १,३९३ नवी औषधे बाजारात आली. त्यांतली उष्ण कटिबंधातील रोगांवरची आणि क्षयावरची मिळून अवघी १६ होती. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा हिशेब प्रसिद्ध झाला.

याच विषाणूच्या एका चुलतभावाची गोष्ट सांगितली म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. चांदीपुराच्या जवळच्या नात्यातला, मुख्यतः गुराढोरांना होणारा एक विषाणू आहे. त्याला निरुपद्रवी करून त्याच्या अंगावर इबोला विषाणूचे एक प्रथिन चढवायचे आणि लस बनवायची, ही कल्पना कॅनडातल्या विनिपेग शहरातील सरकारी प्रयोगशाळेत या शतकाच्या आरंभी सिद्ध झाली. माकडांवर तिचा उत्तम परिणाम दिसला. पण इबोला हा तेव्हा आफ्रिकेतल्या खेड्यांचा रोग होता, म्हणजे मागणी नसलेला रोग. लस वर्षानुवर्षे शीतपेटीत पडून राहिली. कॅनडा सरकारने तिचे हक्क एका लहान अमेरिकन कंपनीला सुमारे दोन लाख डॉलरांना देऊन टाकले. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत साथ भडकली, विमानातून एखादा रुग्ण अमेरिकेत आणि युरोपात पोहोचला, आणि मग चक्रे फिरली. त्या लहान कंपनीने तेच हक्क मर्क या बड्या कंपनीला तीन कोटी डॉलर घेऊन दिले. २०१९ मध्ये लसीला युरोप-अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्ञान सार्वजनिक पैशाचे, नफा खाजगी, आणि मुहूर्त श्रीमंतांच्या भीतीचा. विज्ञान अपुरे पडले असे येथे कोणी म्हणू शकणार नाही. विज्ञान तयार होऊन दाराशी उभे होते.

तथापि बाजार नसेल तेथे काहीच होऊ शकत नाही, असाही निष्कर्ष काढू नये. जपानी मेंदूज्वराचे उदाहरण घ्या. तोही विषाणूचा, तोही खेड्यातल्या गरीब मुलांचा. जे वाचतात त्यांच्यापैकी पुष्कळांना लुळेपणा, झटके, मतिमंदत्व यांची आयुष्यभराची सोबत. २००५ साली पूर्व उत्तर प्रदेशात गोरखपूरच्या परिसरात हजाराहून अधिक मुले गेली. देशभर ओरड झाली. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने चीनमध्ये बनणारी स्वस्त लस आणून मोहीम सुरू केली. नंतर पुण्याच्याच संस्थेने कर्नाटकातल्या कोलार येथे वेगळ्या केलेल्या विषाणूपासून भारतीय लस तयार झाली आणि २०१३ मध्ये ती वापरात आली. म्हणजे क्रयशक्ती नसलेल्यांच्या वतीने शासन ग्राहक म्हणून उभे राहिले की मागणी निर्माण होते. शासनाला उभे कोणी केले? मेलेल्या मुलांच्या संख्येने, आणि ती संख्या लोकांपुढे मांडणाऱ्यांनी. गोरखपूरला ही संख्या दडविणे अशक्य झाले होते.

आपल्या शासनाजवळ लस बनविणारे स्वतःचे कारखाने होते, हेही विसरू नये. मुंबईत परळला हाफकिन आहे. कसौली, कुन्नूर आणि चेन्नई येथील केंद्र सरकारच्या तीन संस्था वर्षानुवर्षे राष्ट्रीय लसीकरणाला लशी पुरवीत होत्या. २००८ च्या जानेवारीत दर्जाचे कारण पुढे करून त्यांचे परवाने स्थगित झाले, ते २०१० मध्ये परत मिळाले. मधल्या काळात खरेदी कोणाकडून झाली असेल हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. दर्जा सुधारण्यासाठी कारखाना दुरुस्त करता येतो. मला प्रश्न पडतो तो दुरुस्तीऐवजी कुलूप का सुचले याचा.

आता दुसरी बाजू. विषाणू किंवा जिवाणू शरीरातून निघून गेल्यावर मज्जातंतूंवर आघात करणारा एक आजार २०२५ च्या जानेवारीत पुण्यात एकदम वाढला. गुइलेन-बॅरे हे त्याचे नाव आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, दोन फ्रेंच सैनिकांना तो झाला असता तिघा डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. तिसऱ्याचे, स्ट्रोल यांचे, नाव पुढे गळून पडले. श्रेयाच्या वाटणीतली विषमता ही अशी वैद्यकातही असते. या आजारात आधी जुलाब किंवा ताप येतो, तो बरा होतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी पायांतली शक्ती जाऊ लागते. रोगजंतूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली शस्त्रे सारखेपणामुळे स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालतात. पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या भागांत दोनशेवर रुग्ण झाले. काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू, काहींत नोरो विषाणू सापडला, आणि बोट पाण्याकडे वळले. यातली किरकटवाडी, नांदेड ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत घेतली गेली. घरपट्टी शहराची, पाणी मात्र विहिरीचे आणि शुद्धीकरण प्रकल्पावाचूनचे, अशी तेथली स्थिती होती.

या आजाराला उपचार आहे, पण तो महाग. रक्तद्रवातून काढलेली प्रतिपिंडे शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे दोन ग्रॅम या हिशेबाने पाच दिवसांत द्यायची. पन्नास किलोच्या माणसाला शंभर ग्रॅम लागतात. एकेका कुपीचा भाव हजारांत आणि साऱ्याचा खर्च लाखांत जातो. जगातल्या या रक्तद्रवाचा मोठा भाग अमेरिकेत पैसे घेऊन रक्तद्रव विकणाऱ्या माणसांकडून येतो. तेही बहुधा गरीबच असतात. पुण्यात आरडाओरडा झाला आणि शासनाला मोफत उपचारांची घोषणा करावी लागली. ते योग्यच झाले. बांगलादेशातल्या डॉक्टरांनी याहून स्वस्त मार्ग, थोडाथोडा रक्तद्रव साध्या सामग्रीने बदलण्याचा, वीस रुग्णांवर करून पाहिला आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. गरीब देशाने गरीब देशाकडून शिकण्यासारख्या गोष्टी अशा असतात. पण त्यांना विक्रेता नसतो.

दोन्ही आजार शेजारी ठेवले की विचित्र सत्य दिसते. जेथे औषध आहे तेथे भाव असतो, भाव असतो तेथे तक्रार असते, तक्रारीला आवाज असतो. जेथे औषधच नाही तेथे भाव नाही, बिल नाही, बिलाविरुद्धचा मोर्चाही नाही. मूल एका रात्रीत जाते आणि कुटुंबावर कर्जसुद्धा होत नाही. अर्थशास्त्राच्या कोणत्याही कोष्टकात ते येत नाही.

आणि कोष्टकात न येणे हाच आपल्या जिल्ह्यापुढचा खरा प्रश्न आहे. त्या साथीच्या आकड्यांकडे पुन्हा पाहा. २४५ रुग्णांपैकी चांदीपुरा निश्चित झाला तो ६४ जणांत. उरलेल्या १८१ मुलांच्या मेंदूवर कशाने घाला घातला? काहींना दुसरा विषाणू असेल, काहींचा नमुना उशिरा घेतला गेला असेल. हे तरी रुग्णालयात पोहोचलेल्यांचे झाले. जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर रात्री ताप आलेले आणि पहाटे गेलेले मूल कोणत्या नोंदवहीत जाते? १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीला कुपोषित मुले मेली तेव्हा महाराष्ट्राला त्या गावांची नावे कळली. त्याआधीच्या पावसाळ्यांत तेथे मुले मरत नव्हती असे कोणी समजत असेल तर तो भाबडा आहे.

मोजणी अशक्य आहे असे मात्र कोणी सांगू नये. पोलिओच्या काळात आपल्या शासनाने पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, मग कारण काहीही असो, तर त्याची नोंद करण्याची आणि शौचाचे दोन नमुने शीतपेटीतून प्रयोगशाळेत पोहोचविण्याची यंत्रणा खेड्यापाड्यांत उभी केली. २०११ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमधल्या हावड्याला देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २०१४ मध्ये प्रमाणपत्र मिळाले. तीच आशाताई, तीच परिचारिका, तोच बर्फाचा डबा. लुळा पाय मोजता येतो तर झटका आलेले मूलही मोजता येईल.

अंतराचा विचारही असाच करावा लागतो. या आजारावर औषध नसले तरी डॉक्टर निरुपयोगी नसतात. झटके थांबविणे, मेंदूची सूज उतरविणे, श्वासाला आधार देणे, शरीरातली साखर आणि पाणी सांभाळणे एवढ्याने काही मुले वाचतात, आणि वाचलेली पुष्कळशी धडधाकट होतात. पण हे सारे पहिल्या काही तासांत व्हावे लागते. आदिवासी भागात वीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा शासनाचा निकष आहे. कागदावर त्या केंद्राचे अंतर किलोमीटरमध्ये असते. पाड्यावरच्या आईसाठी ते झोळीत, नदीच्या पाण्यात आणि वाहनाची वाट पाहण्यात मोजले जाते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे. ती मोबाईलला लहर लागते तेथपर्यंत आहे. आपल्या जिल्ह्यातले कितीतरी अत्यवस्थ रुग्ण अजून सिल्व्हासाच्या विनोबा भावे रुग्णालयाकडे नाही तर नाशिक-ठाण्याकडे पाठविले जातात. पालघर स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करण्याचे ठरविले होते. ते वर्ष गेले. अडीच टक्के आले नाहीत.

माशीच्या बंदोबस्ताबद्दल थोडे सांगतो. १९५३ नंतर हिवतापासाठी घरोघर डीडीटी फवारले गेले, तेव्हा डासांबरोबर ही माशीही मेली आणि बिहारातला काळा आजार जवळजवळ नाहीसा झाला. फवारणी थांबली, तसा सत्तरच्या दशकात तो परत आला. गुजरातमध्ये २०२४ साली साथ आल्यावर गावोगाव भुकटी मारण्यात आली. साथ आल्यावर भुकटी मारणे आवश्यकच, पण भिंतीच्या भेगा पावसाआधी बुजविणे अधिक स्वस्त. कारवीच्या कुडाला शेणामातीचा लेप देणारी आपली बाई हे काम दरवर्षी करतेच. वीटभट्टीवर स्थलांतर करून सहा महिने रचलेल्या कच्च्या विटांच्या खोपटात राहणाऱ्या कुटुंबाला मात्र लिंपायला स्वतःची भिंतच नसते. घर मातीचे आहे म्हणून आदिवासींना नावे ठेवणारे अधिकारी मी पाहिले आहेत. भट्टीमालकाने मजुरांना कसल्या खोपटात ठेवले आहे, याचा जाब विचारणारे कमी पाहिले.

आता आपण करायचे काय, ते बोलतो. नवापूरच्या, मुरब्याच्या, दांडीच्या मच्छिमारांना मी हे शिकविण्याची गरज नाही. समुद्रात रासायनिक पाणी येते हे पिढीभर सारे जाणत होते. पण अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली तेव्हा त्या जाणिवेला तारखा, नमुने आणि अहवाल यांचे रूप द्यावे लागले, आणि मगच कारखानदारांकडून भरपाई वसूल करण्याचे आदेश निघाले. तापाने गेलेल्या मुलांच्या बाबतीत ती पहिली पायरीही अजून चढलेली नाही.

म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे. तलासरी, डहाणू, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत; तेथे ग्रामसभेला कायद्याने वजन आहे. मे महिन्याच्या ग्रामसभेत ठराव करून प्रत्येक पाड्यावर एक वही ठेवावी. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पंधरा वर्षांखालील ज्या मुलाला ताप येऊन झटका आला किंवा शुद्ध गेली, त्याची नोंद तीत करावी. वही आशाताईजवळ नको, तिच्यावर आधीच बारा कामे लादलेली आहेत आणि मानधन तुटपुंजे आहे. ती आपल्या कार्यकर्त्याने सांभाळावी. झटका आलेल्या मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात पाणी किंवा कांदा कोंबू नये, भगताकडे जायचे असेल तर घरच्या दुसऱ्या माणसाने जावे आणि मुलाला मात्र थेट दवाखान्यात न्यावे, हे त्याच कार्यकर्त्याने घरोघर सांगावे. भगताशी भांडत बसण्यात रात्र घालवू नये.

रकाने मी आखून आणले आहेत: मुलाचे वय, ताप केव्हा आला, झटका केव्हा आला, वाहन केव्हा मागितले, ते केव्हा आले, कोणत्या दवाखान्यात नेले, तेथून पुढे कोठे पाठविले, रक्त किंवा पाठीतले पाणी तपासणीला घेतले की नाही, आणि त्याचे उत्तर घरी कळविले की नाही. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा राहील असा माझा अंदाज आहे; तो कोराच ठेवावा, खोडू नये. नमुन्याच्या प्रती मागच्या टेबलावर आहेत. सभा संपल्यावर प्रत्येकाने एक न्यावी, आणि एखादा रकाना राहिला असेल तर आताच सांगावा, म्हणजे छपाईपूर्वी घालता येईल.